काळ्या आकृत्यांची ग्रीक भांडी: अर्धं चित्र हाताचं, अर्धं भट्टीचं

खापरखुणा:

संग्रहालयाच्या ग्रीक दालनात शिरलेले लोक पुतळ्यांपाशी थांबतात आणि भांड्यांची कपाटं चालता चालता उरकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नारिंगी भांडं, त्यावर काळी माणसं, हातात भाले, एकासारखं दुसरं. दहा पाहिली की पोट भरतं. या धाग्यात त्यातल्या एकाच शैलीबद्दल लिहितोय: काळ्या आकृत्यांची शैली, म्हणजे ब्लॅक फिगर. इ.स.पू. सातव्या शतकापासून पाचव्याच्या सुरुवातीपर्यंत तिचा अंमल होता.

मला मांडायचंय ते थोडक्यात असं. ही चित्रं अशी का दिसतात याचं उत्तर चित्रकाराच्या आवडीनिवडीत कमी आणि भट्टीत जास्त आहे. आकृत्या सपाट का, चेहरा कायम बाजूने का, कपड्यांवर एवढं नक्षीकाम का, आणि पुढे हीच शैली मागे का पडली, हे सगळं एका तांत्रिक गोष्टीशी येऊन थांबतं.

सुरुवात अथेन्समध्ये झाली नाही, कॉरिंथमध्ये झाली. इ.स.पू. ७०० च्या आसपास तिथले कुंभार सुगंधी तेलाच्या मुठीत मावतील अशा बाटल्या करून सगळ्या भूमध्य समुद्रभर विकत होते. सीरिया-फिनिशियाकडून येणाऱ्या धातूच्या आणि हस्तिदंताच्या वस्तूंवर सिंह, स्फिंक्स, कमळं कोरलेली असत. ती पाहूनच बहुधा कुणाला तरी सुचलं की काळी छाया रंगवायची आणि आतले तपशील टोकदार हत्याराने खरवडून काढायचे. रोममधल्या व्हिला जुलिया संग्रहालयात ‘किजी’ नावाचं एक कॉरिंथचं भांडं आहे, इ.स.पू. ६५० ते ६४० च्या सुमाराचं. सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटर उंची, आणि त्यावर अख्खी पायदळाची लढाई, बासरीवाल्यासकट.

अथेन्सने हे तंत्र इ.स.पू. ६३० च्या आसपास उचललं आणि शंभर वर्षांत कॉरिंथचा बाजार बसवला. त्यांच्याकडे माती चांगली होती. कॉरिंथची माती भाजल्यावर फिकट पिवळसर होते, अथेन्सची लोहयुक्त असल्यामुळे खणखणीत नारिंगी. काळं त्यावर उठून दिसतं.

आता मुद्द्याचं. तो काळा रंग म्हणजे काजळ नाही, कोळसा नाही, बाहेरून आणलेलं कुठलंही रंगद्रव्य नाही. भांडं ज्या मातीचं, जवळपास त्याच जातीची माती पाण्यात निथळून काढलेली. चित्रकार रंगवत असताना त्याच्यासमोर तपकिरी मातीवर तपकिरी माती असे. काळं-नारिंगी हे भट्टी उघडल्यावरच दिसायचं.

बाकी प्रतिसादांत लिहीन. एक्झेकियास या चित्रकाराबद्दल लिहिल्याशिवाय धागा सोडणार नाही.

टवाळखोर:

तपकिरीवर तपकिरी? आणि मग एक भाग काळा आणि एक नारिंगी कसा होतो, दोन्ही एकाच भट्टीत असताना? काहीतरी हातचं राखताय.

सांजवात:

वाचतेय. वाखु (वाचनखूण) साठवली. माझाही तोच प्रश्न.

रेडॉक्स:

याचं उत्तर मी देतो, आमचं पोट सिरॅमिकवरच चालतं.

सगळा खेळ लोखंडाच्या ऑक्साइडचा आहे. भट्टीत भरपूर हवा असेल तर मातीतलं लोह तांबडं राहतं (गंज ज्या कुळातला तेच). हवा कोंडली, कार्बन मोनॉक्साइड झाला, की तेच लोह ऑक्सिजन गमावतं आणि काळं पडतं. हवा पुन्हा सोडली की पुन्हा तांबडं. हे मागेपुढे करता येतं.

अथेन्सच्या कुंभाराने एकाच भाजणीत तीन पायऱ्या केल्या. पहिली: झरोके उघडे, सुकं लाकूड, साधारण ८०० अंशांपर्यंत. सगळं भांडं तांबडं. दुसरी: झरोके बंद, ओलं लाकूड किंवा हिरवा पाला आत, तापमान ९००-९५० च्या आसपास. आता सगळंच्या सगळं भांडं काळं. इथे खरी करामत होते. ज्या मातीने चित्र काढलंय ती अतिशय बारीक कणांची आहे आणि तिच्यात पोटॅशियम जास्त, चुना कमी. त्यामुळे या तापमानाला ती वितळल्यासारखी होऊन तिचे कण एकमेकांना चिकटतात आणि वर काचेसारखा बंद थर बसतो. भांड्याची मूळ माती मात्र सच्छिद्रच राहते. तिसरी पायरी: भट्टी थोडी निवू लागली की झरोके पुन्हा उघडायचे. ऑक्सिजन सच्छिद्र भागात शिरतो, तो पुन्हा तांबडा होतो. काचेसारखा थर हवा आत घेतच नाही, तो काळाच राहतो.

झालं. रंग एकच, एकाला श्वास घेता येतो आणि दुसऱ्याला येत नाही.

थर पातळ पडला असेल किंवा तिसरी पायरी लांबली तर काळ्यात तांबूस-हिरवट डाग पडतात. कुठल्याही संग्रहालयात नीट बघितलंत तर असे डाग सापडतील. दोन भांडी भट्टीत एकमेकांना टेकली असतील तर तिथेही गोल ठिपका उमटतो.

टवाळखोर:

रेडॉक्सराव, दंडवत. थर्मामीटर नसताना ९०० की ९५० हे कसं कळायचं त्यांना?

रेडॉक्स:

आगीचा रंग बघून, आणि नमुन्याचे तुकडे बाहेर काढून. भांड्याच्या फुटक्या तुकड्याला भोक पाडून, त्यावर तोच थर फासून भट्टीत झरोक्याजवळ ठेवायचे. मधूनमधून आकड्याने ओढून काढायचे आणि बघायचं कुठवर आलंय. असे तुकडे अथेन्सच्या केरामेइकोस भागात, म्हणजे कुंभारवाड्यात, सापडलेत.

हे सगळं विसरलं गेलं होतं बरं का. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लोकांनी मँगनीजपासून बरंच काय काय घालून पाहिलं. थिओडोर शूमान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये बारीक निथळलेली माती आणि तीन पायऱ्यांची भाजणी वापरून तो काळा थर पुन्हा करून दाखवला. पुढे जोसेफ नोबल या अमेरिकन माणसाने १९६० च्या दशकात त्यावर सविस्तर काम केलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले एट्रुस्कन (रोमनांच्या आधीचे इटलीतले लोक) योद्ध्यांचे अवाढव्य पुतळे नकली आहेत हे १९६१ मध्ये याच ज्ञानावरून उघड झालं. त्यांच्या काळ्या रंगात मँगनीज निघालं!

मातीकाम:

मी मातीकाम करते (नावावरून कळलंच असेल), म्हणून निथळण्याबद्दल थोडं. लाल माती भरपूर पाण्यात कालवायची, त्यात कण एकमेकांपासून सुटे राहावेत म्हणून क्षार घालायचा. त्यांच्याकडे लाकडाची राख होती, आम्ही सोडियमचं एक फॉस्फेट वापरतो. मग हात न लावता ठेवून द्यायचं. जाड कण तळाला बसतात, वरचं पाणी आणि मधला साईसारखा थर तेवढा नळीने ओढून घ्यायचा. तो आटवायचा. बादलीभर मातीतून वाटीभर निघतं. हाताला लोण्यासारखं लागतं.

चकाकी येते, पण काळं करायचं तर हवा कोंडावी लागते आणि विजेच्या भट्टीत ते करायला गेलात तर आतल्या तारा लवकर मरतात. म्हणून घरगुती स्टुडिओवाले याच्या वाटेला फारसे जात नाहीत. लाकडाची नाहीतर गॅसची भट्टी पाहिजे.

खापरखुणा, खरवडण्याचं काम ओल्या मातीवर करायचे की सुकल्यावर? रेघेची कड बघून मला चामड्याइतकं कडक असताना वाटतंय.

खापरखुणा:

मातीकाम ताई, बरोबर. भाजायच्या आधी, माती चामड्याइतकी आवळल्यावर. आधी बोथट काडीने अंदाजाची रेघ ओढत. उजेड तिरका पडला तर आजही ती दिसते. मग आकृती भरायची, मग टोकाने खरवडायचं. खरवडलं की खालची माती उघडी पडते आणि भाजल्यावर ती रेघ नारिंगी दिसते. शेवटी वरून दोनच जादा रंग, पांढरी माती आणि जांभळट तांबडा. बायकांची कातडी पांढरी, दाढ्या आणि घोड्यांच्या आयाळी तांबड्या. पांढरा पक्का बसत नसे, म्हणून कितीतरी भांड्यांवर बायकांचे चेहरे झडून गेलेत आणि उरली आहे नुसती काळी छाया.

इथे मला काय दिसतं सांगतो. खरवडलेली रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते. कुंचल्याची रेघ दाबली की जाड, सोडली की बारीक होते, तसं इथे होत नाही. स्नायूचा उठाव, गालाचा गोलवा हे तिला नीट जमत नाही. पण केसांच्या बटा, चिलखताचे खवले, झग्यावरचे चौकोन आणि तारे? त्यात तिचा हात कुणी धरणार नाही. म्हणून चांगला चित्रकार तिथेच रमतो.

भटकभवानी:

मस्त धागा. एक बाळबोध शंका: माणसं काळी म्हणजे ती आफ्रिकी दाखवायची होती का? इथे जर्मनीत संग्रहालयात शेजारची शाळकरी पोरं गाईडला हेच विचारत होती आणि गाईड जरा गडबडली.

इतिहासाचा_विद्यार्थी:

नाही. सगळे पुरुष काळे, ग्रीक असोत नाहीतर देव असोत. तंत्राची सोय आहे ती. आफ्रिकी माणूस दाखवायचा असेल तेव्हा ते नाक, ओठ, कुरळे केस यांतून दाखवत. ब्रिटिश म्युझियममध्ये एक्झेकियासचा अँफोरा (दोन कानांचं उंच भांडं) आहे, त्यावर इथिओपियाचा राजा मेम्नोन आणि त्याचे दोन आफ्रिकी सेवक आहेत. त्यातल्या एकाशेजारी जवळपास ‘अमासिस’ असं नाव लिहिलंय.

गंमत अशी की त्याच काळात अथेन्समध्ये अमासिस नावाचा कुंभार होता आणि ते नाव इजिप्शियन. एक्झेकियासने धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याला चिमटा काढला असं काही अभ्यासक मानतात. सिद्ध करता येत नाही, पण माझा विश्वास बसतो. लीडोस नावाचा आणखी एक चित्रकार होता, नावाचा अर्थ ‘लिडियाचा’. कुंभारवाड्यात बाहेरून आलेले बरेच असावेत.

टवाळखोर:

म्हणजे भांडणं तेव्हापासून. जिवात जीव आला.

खापरखुणा:

आता एक्झेकियास. साधारण इ.स.पू. ५४५ ते ५३० हा त्याचा काळ. तो भांडं स्वतः घडवायचा आणि स्वतः रंगवायचा, आणि दोन्ही केल्याची सही करायचा.

व्हॅटिकनमधला त्याचा अँफोरा ६१ सेंटिमीटर उंचीचा. एका बाजूला अकिलीस आणि एजॅक्स हे दोन ग्रीक वीर ट्रॉयच्या वेढ्यातल्या एका निवांत क्षणी पट मांडून बसलेत. मध्ये ठोकळा, दोघं त्यावर ओणवे. अकिलीसच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, एजॅक्सने आपलं काढून पाठीमागे ढालीवर ठेवलंय. दोघांच्या तोंडापाशी शब्द लिहिलेत: अकिलीसच्या ‘चार’, एजॅक्सच्या ‘तीन’. फाशावर काय पडलं ते.

फोटो मोठा करून झगे बघा. एकेका झग्यावर तारे, चौकोन, वळणांच्या पट्ट्या, आणि सगळं खरवडलेलं. मातीच्या गोल पोटावर, जिथे चुकलेली रेघ पुसता येत नाही. आणि एवढं बारीक काम करूनही नजर तिथे अडकत नाही. भाले तिरपे येऊन पटाकडे उतरतात, पाठी वाकून पटाकडे येतात, भांड्याच्या पोटाचा गोलवा त्या पाठींना सामावून घेतो. कान वर जिथे जोडलेत तिथून रेघ ओढली तर ती ढालींच्या कडेवर येते. भांडं आणि चित्र एकाच डोक्यातून निघालंय हे इथे कळतं.

हा प्रसंग ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड काव्यात नाही. आज आपल्याला माहीत असलेल्यांत तो सर्वांत आधी एक्झेकियासच्या सुमारासच दिसतो, आणि मग नक्कल करणाऱ्यांची रांग लागली. दीडशेच्या वर भांड्यांवर तो सापडतो.

फ्रान्समध्ये बुलोन-स्यूर-मेर गावच्या संग्रहालयात त्याचा दुसरा एजॅक्स आहे. अकिलीस मेला, त्याची शस्त्रं ओडिसियसला मिळाली, अपमानाने एजॅक्स जीव देणार आहे. इतर चित्रकार तलवारीवर पडलेलं प्रेत काढायचे. एक्झेकियास त्याच्या आधीचा क्षण घेतो. एजॅक्स गुडघ्यांवर बसून तलवारीची मूठ मातीच्या ढिगाऱ्यात नीट रोवतोय, टोक वर. एकटा. एका बाजूला ताडासारखं झाड, दुसऱ्या बाजूला त्याची ढाल आणि शिरस्त्राण. कपाळावर खरवडलेल्या दोन-तीन आठ्या. चेहऱ्यावर भाव दाखवायला ही शैली जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि त्याने तेवढ्या आठ्यांवर भागवलं.

कोल्हापुरी_रस्सा:

हे वाचून पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या, तसंच बाजूने दिसणारं तोंड आणि आत भोकांची नक्षी.

बरं, एक काडी टाकतो. आपल्याकडे विदर्भात शिळावर्तुळांत काळी-तांबडी भांडी मिळतात. मग हे तंत्र आपल्याकडून तिकडे गेलं की तिकडून इकडे?

टवाळखोर:

आलं! मी वाटच बघत होतो.

इतिहासाचा_विद्यार्थी:

कुठूनही कुठे गेलं नाही. माहुरझरी, नायकुंड वगैरे ठिकाणची भांडी आतून आणि तोंडाशी काळी, खाली तांबडी असतात. भांडं उपडं ठेवून भाजलं की आतल्या आणि तोंडाच्या भागाला हवा मिळत नाही, असं त्याचं साधारण स्पष्टीकरण दिलं जातं. लोहाचं रसायन तेच, जगात जिथे लाल माती आहे तिथे लागू पडणारं. पण चित्रकाराने ठरवलेल्या जागीच काळं ठेवायचं, हे ग्रीकांचं कसब तिथे नाही, आणि त्याची तिथे गरजही नव्हती.

तुलना करायचीच तर उत्तरेकडच्या काळ्या चकचकीत भांड्यांशी करा. ती साधारण याच काळातली, आणि महाराष्ट्रातही थोडी मिळालीत. तक्षशिलेला ती निघाली तेव्हा तिथे उत्खनन करणाऱ्या जॉन मार्शलसाहेबांनी ती ग्रीक धाटणीची मानली होती. पुढे गंगेच्या खोऱ्यात ढिगाने सापडायला लागली आणि तो विषय मिटला.

कोल्हापुरी_रस्सा:

ठीक. काडी विझली.

नाठाळ:

मला एक कळत नाही. ही शेवटी मडकीच ना? दारू, पाणी, तेल भरायची. अथेन्सच्या श्रीमंतांकडे चांदीची भांडी होती. मातीची भांडी त्यांच्या मानाने किरकोळ. एकोणिसाव्या शतकात दलालांनी आणि संग्राहकांनी त्यांना ‘महान कला’ करून टाकलं. आपण अजून त्याच जाहिरातीला भुलतोय. एक्झेकियासला कुणी कलावंत म्हटलं असतं तर तोच हसला असता.

खापरखुणा:

नाठाळ, अर्धं मान्य. चांदीपुढे माती स्वस्त होती यात वाद नाही. मायकल व्हिकर्स या अभ्यासकाने हाच मुद्दा लावून धरला, की मातीची भांडी ही धातूच्या भांड्यांची गरिबांसाठीची नक्कल. दुसरे अभ्यासक जॉन बोर्डमन यांनी त्याला कडाडून विरोध केला. दलालांचंही खरं. उलट मी तुम्हाला आणखी दारूगोळा देतो.

१८२८ मध्ये इटलीतल्या वुल्ची इथे नांगराच्या बैलाखाली जमीन खचली आणि खाली एट्रुस्कन थडगं निघालं. जमीन नेपोलियनचा भाऊ ल्युसियन बोनापार्ट याची. थोड्या काळात हजारो भांडी निघाली, बरीचशी अथेन्सची. एट्रुस्कन लोक ती विकत घेत आणि मेलेल्यांबरोबर पुरत, म्हणून तर ती अखंड राहिली. पुढे जॉर्ज डेनिस नावाचा इंग्रज प्रवासी तिथे गेला, तेव्हा त्याने पाहिलं की चित्र नसलेली साधी भांडी मजूर पायाखाली फोडतायत. तसा हुकूमच होता, बाजारात भाव पडू नये म्हणून. फुटलेल्यांतून कुठल्या थडग्यात काय होतं हे कायमचं गेलं. याला कलाप्रेम म्हणायचं तर म्हणा.

पण एक्झेकियास हसला असता हे पटत नाही. ज्याला आपलं काम किरकोळ वाटतं तो ‘घडवलंही मीच, रंगवलंही मीच’ असं भांड्यावर लिहीत नाही. त्याच्या पुढच्या पिढीत युथिमिडीस या चित्रकाराने एका अँफोऱ्यावर लिहून ठेवलंय की असं युफ्रोनिओसला (त्याच्याच काळातला दुसरा चित्रकार) कधी जमलं नाही. ही मडक्यावाल्याची भाषा वाटते?

नाठाळ:

मडक्यावाल्याला अभिमान नसतो असं मी कधी म्हटलं? पण वुल्चीची माहिती नवीन होती. धन्यवाद.

सांजवात:

फ्लोरेन्सच्या त्या फुटलेल्या भांड्याबद्दल कुणीतरी लिहा ना. पूर्वी कुठेतरी ओझरतं वाचलं होतं.

इतिहासाचा_विद्यार्थी:

फ्रान्स्वा भांडं. मोठं क्रेटर, म्हणजे दारूत पाणी मिसळायचं पात्र. उंची ६६ सेंटिमीटर, काळ इ.स.पू. ५७० च्या आसपास. घडवलं एर्गोतिमोसने, रंगवलं क्लेइतियासने, दोघांच्याही सह्या. १८४४ मध्ये कियुसीजवळ अलेस्सांद्रो फ्रान्स्वा यांना त्याचे तुकडे मिळायला लागले. पट्ट्यांवर पट्ट्या, सुमारे २७० आकृत्या आणि शंभराच्या वर लेख. रानडुकराची शिकार, अकिलीसचे आईबाप पेलेउस-थेटिस यांच्या लग्नाला येणारे देव, अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या स्मरणार्थ रथांची शर्यत, पायाशी बुटक्यांची करकोच्यांशी लढाई. क्लेइतियासला लिहायची इतकी हौस की पाण्याच्या घागरीशेजारी ‘घागर’ आणि कारंज्याशेजारी ‘कारंजं’ असंही लिहून ठेवलंय.

सप्टेंबर १९०० मध्ये संग्रहालयाच्याच एका रखवालदाराने भांडणाच्या रागात काचेच्या पेटीवर स्टूल भिरकावलं. भांड्याचे ६३८ तुकडे झाले. पिएत्रो झेई यांनी ते जोडलं. १९७३ मध्ये पुन्हा सगळं सुटं करून नव्याने जोडलं.

टवाळखोर:

घागरीशेजारी ‘घागर’. आमच्या ऑफिसात प्रिंटरवर ‘प्रिंटर’ लिहिणारे याच घराण्यातले.

मातीकाम:

६३८ तुकडे जोडणाऱ्याला माझा साष्टांग. मुळात ते भांडं एका वेळी चाकावर उठत नाही. मान, पोट, पाय वेगळे करून आवळल्यावर जोडायचे, कान शेवटी. अँफोऱ्याचा सांधा कधीकधी आतून हात घातला तर लागतो, बाहेरून रेघही दिसत नाही. चित्रकाराचं एवढं कौतुक चाललंय म्हणून कुंभाराच्या वतीने नोंदवून ठेवते.

आणि तो जो भट्टी सांभाळायचा त्याचं काय? कॉरिंथजवळ पेंतेस्कूफियाला १८७९ मध्ये मातीच्या रंगवलेल्या पाट्यांचे शेकडो तुकडे मिळाले. त्यांतल्या काहींवर कुंभारांनी स्वतःचंच काम काढलंय. माती खणणारे, चाकावर बसलेले, भट्टीत आकडा खुपसणारे. ग्रीकांनी एवढे देव आणि वीर रंगवले, पण मला बघायला आवडतो तो शिडीवर चढून झरोका बंद करणारा माणूस. पुढच्या काही घटका सगळ्यांची मेहनत त्याच्या हातात.

खापरखुणा:

+१. पाट्या बर्लिनमध्ये आणि काही लूव्रमध्ये आहेत.

भटकभवानी:

पण मग एवढी जमलेली शैली सोडली का? धाग्याच्या सुरुवातीला सूतोवाच केलंत आणि विसरलात.

खापरखुणा:

विसरलो नाही, एक्झेकियासपाशी रेंगाळलो.

इ.स.पू. ५२५ च्या आसपास अथेन्समध्ये कुणीतरी उलटं करून पाहिलं. आकृती मातीच्या रंगाची सोडायची आणि भोवतालची सगळी जमीन काळी भरायची. आतले तपशील खरवडायचे नाहीत, त्याच निथळलेल्या मातीने काढायचे. यालाच लाल आकृत्यांची शैली म्हणतात. भाजणी तीच, माती तीच, भट्टीवाल्याच्या कामात काडीचा फरक नाही.

फरक पडला तो रेघेत. आता घट्ट मातीची उठावदार काळी रेघ मारता येई आणि तीच माती पातळ केली की फिकट तपकिरी रेघही. पहिली शरीराच्या कडेला, दुसरी पोटाच्या स्नायूंना. पाय समोरून, पाठ तिरकी, मांडी आखडलेली, जे जे खरवडून जमत नव्हतं ते दहा-पंधरा वर्षांत लोक करायला लागले. युफ्रोनिओसचं सार्पेडोनचं क्रेटर बघा: मेलेला वीर, जखमांतून वाहणारं रक्त, निद्रा आणि मृत्यू दोन बाजूंनी त्याला उचलतायत. काळ्या आकृत्यांत हे जमलं नसतं.

(अवांतर: हेच क्रेटर मेट्रोपॉलिटनने १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतलं. ते चेर्वेतेरीच्या थडग्यातून चोरून खणलेलं होतं. २००८ मध्ये इटलीला परत गेलं.)

तरी माझं मत विचाराल तर लाल आकृत्यांनी शरीर मिळवलं आणि भांडं गमावलं. काळी आकृती भांड्याच्या पृष्ठभागावरच राहते. लाल आकृती काळोखातून बाहेर येते, मग भांडं राहतं फक्त चौकट म्हणून.

रेडॉक्स:

इथे आपलं जमणार नाही. मला युफ्रोनिओस कधीही चालेल. एक्झेकियासच्या झग्यांसमोर मी थक्क होतो, पण आतला माणूस मला दिसत नाही.

इतिहासाचा_विद्यार्थी:

एक भर. काळ्या आकृत्या एका ठिकाणी मेल्याच नाहीत. अथेन्सचा पॅनअथेनाइक उत्सव इ.स.पू. ५६६ च्या सुमारास मोठ्या स्वरूपात सुरू झाला, दर चार वर्षांनी. त्यात खेळांच्या विजेत्यांना बक्षीस म्हणून अथेना देवीच्या पवित्र ऑलिव्हचं तेल मिळे, भरलेल्या मोठ्या अँफोऱ्यांतून. प्रत्येकात ३५ लिटरच्या वर. एका बाजूला ढाल-भाला घेतलेली अथेना, दुसऱ्या बाजूला तो खेळ, आणि ‘अथेन्सच्या स्पर्धांचं बक्षीस’ असा लेख. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका शिलालेखात बक्षिसांची यादी आहे, त्यात दोन घोड्यांच्या रथाच्या शर्यतीला १४० अँफोरे. एवढं तेल घरात कोण वापरणार? विकायचंच ते.

हे अँफोरे शेवटपर्यंत काळ्या आकृत्यांतच राहिले, बाकी सगळा बाजार लाल झाला तरी. चौथ्या शतकात त्यांवर त्या वर्षीच्या अधिकाऱ्याचं नावही घालायला लागले, त्यामुळे आज आपल्याला त्या भांड्याचं नेमकं वर्ष सांगता येतं. पुराविदांना असं सुख क्वचितच मिळतं.

नाठाळ:

म्हणजे सरकारी ट्रॉफी. सरकारी कामात डिझाइन बदलत नाही हे तेव्हाही खरं होतं.

भटकभवानी:

मी पुढच्या महिन्यात म्युनिकला जातेय, अर्धा दिवस हातात आहे. तिथे यातलं काय बघू?

खापरखुणा:

नशीबवान आहात. क्योनिगस्प्लाट्झ चौकातलं अँटिकेनझामलुंगेन, समोरच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात शिरू नका, वेळ जाईल. तीन गोष्टी धरून चला.

पहिली, एक्झेकियासचा कायलिक्स, म्हणजे दारूचा पसरट प्याला. वुल्चीचाच. आत मद्याचा देव डायोनायसस नावेत एकटा पहुडलाय, डोलकाठीवर द्राक्षाचा वेल चढलाय, भोवती सात डॉल्फिन. जमिनीची रेघच नाही, सगळी जागा पोवळ्यासारखी तांबडी. प्यायला लागलं की दारूखालून देव वर येणार. बाहेरच्या बाजूला दोन मोठे डोळे आहेत. प्याला तोंडाला लावला की समोरच्याला तुमचा मुखवटा दिसेल. ते डोळे बघायला खाली वाकावं लागतं, लोक वाकत नाहीत.

दुसरी, दुहेरी अँफोरा. एका बाजूला हेराक्लीस (म्हणजे हर्क्युलिस) मंचकावर रेललाय, काळ्या आकृत्यांत. दुसऱ्या बाजूला तोच हेराक्लीस, जवळपास तसाच रेललेला, लाल आकृत्यांत. दोन्ही एकाच हाताचं की दोन चित्रकारांचं यावर अजून वाद आहे. रेडॉक्स आणि माझा वाद तिथे एकाच भांड्यावर मांडलेला मिळेल. दोनतीन फेऱ्या मारा आणि तुमचं मत इथे लिहा.

तिसरी, युथिमिडीसचा तो टोमणेवाला अँफोरा. तीन दारुडे नाचतायत.

रेडॉक्स:

हेराक्लीसच्या लाल बाजूला आधी जा. मग बोलू.

भटकभवानी:

दोघांनाही धन्यवाद. आधी प्याल्यापाशी जाईन, वाकून बघेन, मग तुमचा निवाडा. फोटो टाकते आल्यावर.